देवीडॉक्टरांचा बर्फ

"हात लावू नका, नुसता धरा," असं ते म्हणायचे, आणि स्वतःचा उलटा पंजा त्या वस्तूपासून बोटभर लांब धरून डोळे बारीक करायचे. चहाचा कप असो, दुपारची तापलेली भिंत असो, नाहीतर कुणाचं कपाळ असो. किती ऊब येते ते आधी लांबून पाहायचं आणि मग शिवायचं. शहापूरच्या बाजारात एकदा ते भाकरीच्या तव्यावर असाच पंजा धरून उभे राहिले, तेव्हा तव्यापाशी बसलेली बाई म्हणाली, "डॉक्टर, खायाची तं खा. तव्याला आशीर्वाद कसला देताय?"

ते डॉक्टर नव्हते. सरकारी दवाखान्यात देवी टोचण्याच्या कामावर होते. पण आमच्याकडे ज्याच्या पिशवीत काचेची नळी आणि सुई तो डॉक्टर, म्हणून त्यांचं नाव पडलं देवीडॉक्टर. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. का, ते पुढे वाचाल तेव्हा तुम्हालाच कळेल.

घाटावरचे होते. कडब्याच्या आणि ज्वारीच्या मुलखातले. उंच, हडकुळे, डोक्याला कायम पांढरी टोपी, आणि चालताना पुढे झुकलेले, जणू वाऱ्याविरुद्ध चालले आहेत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायचे. मी शेजारच्या चाळीत.

मी तेव्हा शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. लढाई नुकतीच सुरू झाली होती. माझ्या घराण्यात माझ्या आधी सही करणारासुद्धा कुणी नव्हता, आणि मी मुंबईला राहून बी.एस्सी. होऊन आलो होतो. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. टोकावड्याजवळच्या आमच्या गावात माझी आई शेणाच्या पाट्या वाहत होती तेव्हा मी कॉलेजात काचेच्या नळ्या धरत होतो. त्याचा मला अभिमान होता, आणि त्या अभिमानाचंच पुढे काय झालं ते सांगायला मी हे लिहायला बसलो आहे.

त्यांची माझी ओळख बर्फावरून झाली. एका सकाळी दारात येऊन उभे. नमस्कार नाही, काही नाही.

"मास्तर, कॉलेजात बर्फाविषयी काय शिकवतात?"

मी सगळं सांगितलं. वितळताना बर्फ भरमसाट उष्णता गिळतो, पण तापमापकाचा पारा फॅरनहाइटच्या बत्तिसावरून हलत नाही. सगळा वितळेपर्यंत हलत नाही. ते दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे पारा गप्प बसतो आणि बर्फ आतल्या आत मरतो."

"तसंच म्हणायचं तर तसं."

"मग मला पारा नको. जाडी मोजली पाहिजे."

मला तो माणूस तिथेच आवडला. माझ्या वर्गातल्या एकाही पोराने एवढं लवकर ते ओळखलं नव्हतं.

बर्फ कशाला, ते सांगतो. देवीची लस तेव्हा दुरून टपालाने यायची, बोटाएवढ्या काचेच्या नळ्यांत. ऊन लागलं की ती लस मरते. नळीत दिसते तशीच, पण टोचली तर उपयोग शून्य. म्हणून टोचण्याचं काम थंडीत उरकायचे. पण देवी काही थंडीत येत नाहीत. त्या यायच्या शिमग्यानंतर, ऐन उन्हात. घाटावर असताना एका वर्षी त्यांच्या नळ्या उन्हाने गेल्या होत्या, आणि त्याबद्दल ते एकच वाक्य बोलायचे: "त्या गावचा रस्ता मी बदलला." त्यापुढे मी कधी विचारलं नाही.

शहापुरात आल्यावर त्यांनी ठरवलं की उन्हाळाभर लस जगवायची. कल्याणहून गार्डाच्या डब्यात बर्फाची लादी आसनगाव स्टेशनावर उतरायची, आठवड्यातून दोनदा. तिथून बैलगाडीने दवाखान्यात. लादी ठेवायला त्यांनी माघात दवाखान्यामागे खड्डा खणून घेतला, पुरुषभर खोल. तो शेणाने सारवून घेतला, स्वच्छ, जशी आपण जमीन सारवतो. तळाला आणि बाजूंना भाताचा पेंढा आणि तूस दाबून भरलं. गारवा खाली उतरतो, असं म्हणून नळ्यांची पितळी डबी पेंढ्यावर तळाशी ठेवली. तिच्यावर लादी, लादीवर पुन्हा पेंढा आणि वर कुडाचं झाकण.

खणायला आणि भरायला धाकू होता. शहापूरजवळचाच शेतकरी, पन्नाशीचा, तोंडात कायम विडी. पेंढा तुडवता तुडवता खड्ड्यातूनच ओरडला, "काय देवीडॉक्टर, खताला बर्फ पाजताय काय? भात यंदा गार पिकंल!"

वर उभे असलेले सगळे हसले. देवीडॉक्टरही हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

मग आमची मोजणी सुरू झाली. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण शहापुरात दोन माणसं रोज तीनदा बर्फाची जाडी मोजत होती. त्यांनी युक्ती काढली होती. लादीच्या मधोमध आरपार एक बांबूची सळी घालायची. सळीच्या वर किती बोटं बर्फ उरला आणि खाली किती, ते वेगवेगळं मोजता यायचं. एक तापमापक लादीवर आडवा, एक तिच्यावर वीतभर टांगलेला, हवेसाठी. शाळेतला तिसरा मी आणून दिला होता, तो झाकणाबाहेर. वहीत रकाने पाडले होते: बाहेरची हवा, बर्फावरची हवा, बर्फ, वरची जाडी, खालची जाडी. रकाने माझ्या अक्षरात होते, कारण त्यांचं अक्षर कोंबडीच्या पायांचं.

हवा बर्फाला दर तासाला किती ऊब देते, ते आम्हाला काढायचं होतं. ते समजलं की किती पेंढा घालायचा, लादी किती दिवस पुरेल, सगळं ठरलं असतं. ते म्हणायचे, "हवा येते कुठून, तेवढं सापडलं की झालं." झाकणाच्या फटी त्यांनी शेणमातीने बुजवल्या. बर्फावर पंजा धरून बसायचे, गार वाफ हाताला कुठून लागते ते पाहत. धाकू मला म्हणायचा, "मास्तर, ह्यो मानूस शेकतोय का निवतोय, कळत नाय."

माघात सगळं ठीक चाललं. त्या महिन्यात टोचलेल्या गावांत फोड छान आले. हे फोडाचं कळलं पाहिजे. टोचल्यावर आठव्या दिवशी दंडावर पाणीदार फोड उठला, म्हणजे लस जिवंत होती आणि त्या माणसाला आता देवी येणार नाहीत. म्हणून आठव्या दिवशी ते प्रत्येक गावी पुन्हा जायचे. टोचणं हे अर्धं काम, असं त्यांचं म्हणणं. फोड पाहून आल्यावर मात्र स्वारी खुशीत असायची, मला दोन कप चहा पाजायची.

फाल्गुनात काहीतरी बदललं. लादी लवकर संपायला लागली. त्याहून विचित्र म्हणजे सळीच्या वरचा बर्फ जेमतेम कमी व्हायचा आणि खालचा झपाट्याने. दोन दिवसांनी झाकण उघडलं की वरून लादी दिसायची, तापमापक बत्तीस दाखवायचा, पण खालून ती पोकळ झालेली, पालथ्या परातीसारखी.

मी म्हणालो, "हवा तर वर आहे. मग बर्फ खालून कसा जातो?"

त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मास्तर, बर्फ पातळ झाला की गाळणीसारखा होतो. हवेची ऊब त्याच्यातून आरपार जाते आणि खालून खाते. जाड असताना थोपवतो. पातळ झाला की थोपवत नाही."

माझ्या पुस्तकात पातळ बर्फाविषयी एक ओळ नव्हती. पण एवढं मला कळत होतं की वितळता बर्फ ऊब आरपार सोडत नाही, ती गिळतो. हे मीच तर त्यांना दारात उभं राहून सांगितलं होतं. तरी मी गप्प बसलो. त्यांची कल्पना मला ऐटदार वाटली. वहीवर मी सुंदर अक्षरात लिहिलं: पातळ बर्फ आणि हवा यांमधील उष्णतेची देवघेव. मला वाटलं, हे कुठेतरी छापून येईल आणि खाली माझं नाव असेल.

उपाय म्हणून त्यांनी पोकळीत आणखी पेंढा भरायला लावला. "खालून हवा शिरायला जागाच ठेवायची नाही." धाकूने भरला. त्या दिवशी तो नुसता विडी ओढत राहिला.

आता एका पाड्याकडे येतो.

डोळखांबच्या पलीकडे रानात ठाकरांची पंधरा-वीस घरं होती. थंडीत तिथे कुणी नसायचं. सगळे कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला. होळीला परत यायचे. म्हणून माघात तो पाडा राहून गेला होता. होळीच्या दुसऱ्या दिवशी ते डबी घेऊन निघाले, मला सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेलो.

आम्ही पोचलो तर पाड्यात एक पोर दिसेना. सगळी रानात लपवलेली. म्हातारे अंगणात बसलेले, आमच्याकडे न बघता. देवीडॉक्टर खाली बसले, पाणी मागितलं. एक बाई तांब्या घेऊन आली. सोमी तिचं नाव. कडेवर चार वर्षांची मुलगी होती, जानी. मुलगी न लपवणारी ती एकटीच.

"दादा, ह्यानं पोरीला देवी येनार नाय?"

"फोड आला तर येणार नाहीत."

"आनि नाय आला तं?"

"तर मी पुन्हा येईन."

तिने जानीला कडेवरून उतरवलं. मग जानीला पुढे केलं. "टोच."

जानी रडली नाही. टोचून झाल्यावर दंडाकडे बघून म्हणाली, "झाला?" त्यावर देवीडॉक्टर असे हसले की मी त्यांना तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही. सोमीने मग रानाकडे तोंड करून हाक दिली, "या गं, काय नाय करत!" हळूहळू एकेक बाई पोरं घेऊन आली. त्या दिवशी पाड्यातली अठरा मुलं टोचली.

आठव्या दिवशी ते एकटे गेले. परत आले ते चहा न मागता खोलीत गेले. एकाच्याही दंडावर फोड नव्हता. नुसते ओरखडे, सुकलेले.

त्यांना वाटलं, लस मुळातच मेलेली आली. लस पाठवणाऱ्यांना रागाचं पत्र लिहिलं. नव्या नळ्या आल्या, त्या जपून खड्ड्यात ठेवल्या, ताज्या लादीखाली. दोन दिवसांनी काढल्या. डबी ओली आणि हाताला गार लागत होती, कारण झाकण काढताना पातळ बर्फाचं पाणी तिच्यावर ओघळायचं. पुन्हा पाड्यात गेले, पुन्हा अठरा दंड टोचले. रामनवमीच्या सुमाराला पाहायला गेले तर पुन्हा काही नाही.

सोमी त्यांना म्हणाली होती, "दादा, देवीचं मनच नाय."

हे मला सांगताना त्यांनी तिच्यासारखाच हात हलवला. मग म्हणाले, "मास्तर, देवीचं मन नाही असं नाही. माझ्या हातून काहीतरी होतंय. काय होतंय ते बघा. तुम्ही शिकलेले आहात."

मी वही घेऊन बसलो. तीन दिवस बसलो. हवेने दिलेली ऊब आणि वितळलेला बर्फ यांचा मेळ बसत नव्हता. हवेच्या उबेने जेवढा जायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त बर्फ जात होता. बाकीची ऊब कुठून आली? शेवटी मी खाली लिहिलं: तापमापकात दोष असावा. तिसऱ्यांदा लस मागवून ती यायची वाट पाहत ते बसले, आणि मी हनुमान जयंतीला घरी गेलो.

आमच्याकडे चैत्रात खत काढून शेतावर टाकतात. मी पोचलो तेव्हा आई उकिरडा उपसत होती. मी शिकलेला, मला कुणी हात लावू देत नव्हतं. ओट्यावर बसून बघत होतो. आईने फावडं आत घातलं आणि खालचा थर उलटला, तर त्यातून वाफ निघाली. ओल्या शेणाची आणि कुजक्या पेंढ्याची वाफ. आई पाय मागे घेत म्हणाली, "बाय माजे, चटका बसला रे!"

मी ओट्यावरून उठलो. आई म्हणाली, "काय रे, काय झालं?"

"आई, ह्यात बर्फ ठेवला तर काय होईल?"

"कसला बरफ? येडा झालास का? ह्यात हात ठेवला तं भाजतोय."

लहानपणी मी त्याच उकिरड्यात थंडीत पाय ऊब घ्यायला खुपसायचो. पुढे शिकायला गेलो आणि ते विसरलो. शेणाने सारवलेला खड्डा, त्यात भाताचा पेंढा, त्यावर महिनाभर गळणारं बर्फाचं पाणी. आम्ही दोघांनी मिळून दवाखान्यामागे उकिरडा केला होता आणि त्याच्या पोटात लस ठेवली होती. हवेची ऊब आम्ही सुताने मोजत होतो. पेंढ्यात कुणी पारा खुपसला नव्हता.

जेवायला थांबलो नाही. डोंगरातून डोळखांबकडे जाणारी वाट धरली. दुपारी त्या पाड्याजवळून जाताना लांबून पाहिलं, तर पहिल्या घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा होता. दुसऱ्याही घराला. सोमीच्या घरालाही. डहाळा म्हणजे घरात देवी आल्या. मी आत गेलो नाही. पळत सुटलो.

शहापुरात पोचलो तेव्हा दिवस बुडायला आला होता. ते खड्ड्यापाशीच होते, वही मांडीवर. मी खड्ड्यात उतरून लादीवरचा तापमापक उचलला आणि तळाच्या पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून खुपसला. हाताला ऊब लागली. थोड्या वेळाने काढून त्यांच्या पुढे धरला.

त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "एकशे सव्वीस," म्हणाले.

मी उकिरड्याचं सांगितलं. पाड्यातल्या डहाळ्यांचंही सांगितलं. त्यांनी मांडीवरची वही मिटली. मग विचारलं, "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"धाकूला?"

धाकू बर्फाची बैलगाडी सोडून आला होता, मागेच उभा होता. मी त्याच्यावर ओरडलो, "अरे, मग नीट सांगितलं का नाहीस?"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "सांगितलं व्हतं, मास्तर. पयल्याच दिशी. तुमी हसलात."

आमच्याकडे मोठ्या माणसाला चूक अशीच सांगतात. चेष्टेत सांगतात, समजली तर समजली, नाही तर आपण कुठे काही बोललो. ही रीत मला ठाऊक नव्हती असं मी म्हणू शकत नाही. माझा बाप सावकारापुढे आणि तलाठ्यापुढे जन्मभर असाच बोलला. पण खड्ड्याच्या काठावर मी वरच्या माणसांत उभा होतो, आणि वरच्या माणसांसारखं ऐकलं.

तिसरी लस दुसऱ्या दिवशी सकाळी टपालात आली. ती त्यांनी खड्ड्याकडे नेलीच नाही. नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवल्या, मडक्याला ओलं गोणपाट, आणि आम्ही तिघे चालत निघालो. वाटेत प्रत्येक ओढ्याच्या डबक्यात गोणपाट भिजवायचं. ते मडक्यावर सावली धरून चालत होते, स्वतःच्या टोपीची. डोकं उघडं.

पाड्यात पाच मुलं आजारी होती. जानी त्यांत होती. तोंड ओळखू येत नव्हतं. सोमी तिच्या अंगावरच्या माशा कडुनिंबाच्या डहाळीने हलवत बसली होती.

देवीडॉक्टर अंगणाच्या मधोमध उभे राहिले. माणसं जमली. मला वाटलं होतं, ते म्हणतील की नवी लस आणली आहे, चांगली आहे. ते म्हणाले, "मागच्या दोन्ही वेळी मी टोचली ती लस मेलेली होती. ती माझ्या हातून मेली. नीट ठेवता आली नाही मला."

मग एक म्हातारा म्हणाला, "मंग ही जिती कशावरून?"

त्यांनी मडकं सावलीत ठेवलं. म्हणाले, "आठव्या दिवशी कळेल."

म्हातारा उठून गेला. त्याच्यामागे आणखी दोघे. बाया पोरांना पदराआड ओढायला लागल्या. मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात आतून, जानीपासून न हलता, सोमी बोलली.

"टोचून घ्या गं."

एक बाई म्हणाली, "तूच टोचून घेतलंस नं पयली? काय झालं?"

"झालं ते मला दिसतंय. सरकारी मानूस चुकलो म्हनला कवा? ह्यो म्हनतोय. टोचून घ्या."

तेरा मुलं टोचली. टोचून झाल्यावर ते सोमीच्या दाराशी बसले आणि तीन दिवस तिथेच राहिले. धाकू आणि मी परत आलो. मला शाळा होती. जानी तिसऱ्या दिवशी गेली. त्या आठवड्यात आणखी तीन मुलं गेली. हे मला धाकूने सांगितलं, तो त्यांना भाकरी द्यायला जात होता. त्यानेच सांगितलं की जानीला मातीत ठेवताना खड्डा खणायला माणूस कमी पडला, आणि देवीडॉक्टरांनी कुदळ घेतली.

ते परत आल्यावर, मुलं गेल्याचं कळून, खात्याचे मोठे साहेब चौकशीला आले. चांगले बोलणारे गृहस्थ होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून म्हणाले, "अहो, हे लोक मुलं लपवतात हे सगळ्यांना माहीत आहे. तेवढं लिहा. दोनदा गेलो, मुलं मिळाली नाहीत. तुमची नोकरी आहे, पेन्शन जवळ आली आहे."

देवीडॉक्टर म्हणाले, "मुलं मिळाली होती."

"कोण विचारायला येणार आहे?"

"मिळाली होती, साहेब. अठरा."

त्यांनी अहवालात सगळं लिहिलं. खड्डा कुणी सारवून घेतला, पेंढा कुणी भरायला लावला, लस कशाने मेली. सोबत आमची वही जोडली. वहीत जिथे माझ्या सुंदर अक्षरात तापमापकात दोष असावा असं लिहिलं होतं, त्या पानाला त्यांनी हात लावला नाही. मी म्हणालो, "माझं नाव घाला. मला कळत होतं, मी बोललो नाही." ते म्हणाले, "बर्फ माझा होता, मास्तर. तुम्हाला अजून शिकवायचं आहे."

मी पुन्हा आग्रह केला नाही. एकदाच म्हणालो. हेही लिहून ठेवतो.

हुकूम आला तो टोचल्यापासून सातव्या दिवशी. कामावरून दूर, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायचं, किल्ल्या आणि सामान दवाखान्यात जमा करून. त्यांनी तार केली, एक दिवसाची मुदत द्या, पाड्यात आठवा दिवस आहे. उत्तर आलं नाही. संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले, उभ्या उभ्या म्हणाले, "उद्या तुम्ही जा. उजेडात नीट बघा. नुसता लाल डाग म्हणजे फोड नव्हे. पाणी दिसलं पाहिजे. बोट लावू नका."

"तुम्ही कुठे जाणार?"

"बघू. गाडी तर कल्याणला जाते."

पहाटे मी निघालो तेव्हा त्यांच्या खोलीत कंदील होता. बोलावंसं वाटलं. बोललो नाही. त्यांना सामान बांधायचं होतं आणि मला लांब जायचं होतं.

पाड्यात पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. मला कुणाला बोलवावं लागलं नाही. बाया पोरांना घेऊन अंगणात रांगेने बसल्या होत्या, उघडे दंड माझ्याकडे करून. मी पहिल्या पोरापाशी वाकलो. दंडावर मोत्याएवढा फोड, पाण्याने भरलेला, भोवती लाल कडं. दुसऱ्याच्या दंडावर तसाच. तिसऱ्याच्या. तेराही पाहिले. पोरं खाजवू नयेत म्हणून आयांनी त्यांचे दुसरे हात धरून ठेवले होते. उठून गेलेला तो म्हाताराही एका नातवाचा हात धरून बसला होता.

सोमी रांगेत नव्हती. तिच्या दाराचा डहाळा काढला होता. ती बाजूला उभी राहून मी काय पाहतो ते पाहत होती. शेवटचा दंड झाल्यावर जवळ आली.

"आलं नं समद्यांना?"

"आले. सगळ्यांना."

"तो का नाय आला?"

मी सांगितलं. गाडीने गेले, परत येणार नाहीत. तिने रांगेकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "त्याला सांग, फोड आलं. तेरा. तो वाट बघत असंल."

मी तसाच माघारी निघालो, आसनगावच्या दिशेने, जवळजवळ धावत. गाडी सकाळीच गेली होती हे मला माहीत होतं. तरी गेलो. स्टेशनावर हमाल म्हणाला, देवीडॉक्टर गाडीत बसले तेव्हा त्यांच्यापाशी एक वळकटी होती, दुसरं काही नाही, आणि तिकीट त्यांनी कल्याणचंच काढलं होतं.

त्यांच्या गावी मी पत्र लिहिलं. चार ओळींचं: तेरा फोड, पाणीदार, सगळे जिवंत. पत्ता मिळत नाही असा शेरा घेऊन ते परत आलं. कल्याणला दोन वेळा जाऊन चौकशी केली, मग ठाण्याला. घाटावर त्यांच्या तालुक्यातल्या एका मास्तरला लिहिलं, त्याने कळवलं की इकडे ते आलेच नाहीत. पुढे लढाई वाढली, मग संपली, मग स्वातंत्र्य आलं. त्या तेरांतला एक मुलगा आता माझ्याच शाळेत आहे, सातवीत, बाकावर मागे बसतो. बाही वर केली की दंडावरचा वण दिसतो, रुपयाएवढा. पत्र माझ्यापाशीच आहे. उघडलेलं नाही.